तपासणीत 'सुधारणा हवी' असा शेरा मिळालेल्या कौन्सिलकडून घरच्या म्हाताऱ्या माणसाची काळजी नीट घेतली जाईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही इंग्लंडमध्ये राहता, ८१ वर्षांच्या सासूबाई तुमच्याच घरी आहेत. सकाळ-संध्याकाळ कौन्सिलने ठरवून दिलेल्या एजन्सीची केअरर येते, "बाकीचं सगळं मी बघते" असं तुम्ही लिहिलंय. नुकताच तुमच्या कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) अडल्ट सोशल केअरला, म्हणजे मोठ्या माणसांच्या काळजीच्या विभागाला, केअर क्वालिटी कमिशनने (सीक्यूसीने), म्हणजे काळजीच्या सेवा तपासणाऱ्या संस्थेने, 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' (सुधारणा हवी) असा शेरा दिला. आता येणारी मदत बंद होईल का, सुधारणा खरंच होते की नुसते कागद रंगतात, आणि घरच्यांनी काय करावं, हे तुम्हाला हवंय.

मी इंग्लंडमधल्याच दुसऱ्या एका कौन्सिलमध्ये सोशल वर्कर आहे. आमच्याकडेही तपासणी झाली आणि हाच शेरा आला, त्यामुळे पुढे काय होतं ते मी आतून पाहिलंय.

आधी तुमची मोठी काळजी दूर करते. शेऱ्यामुळे मदत बंद होत नाही. सासूबाईंना मिळणारी मदत कौन्सिलच्या मर्जीवर नाही, केअर ॲक्ट २०१४ या कायद्यावर उभी आहे. त्यांच्या गरजा कायद्याच्या निकषात बसतात हे एकदा ठरलं की त्या भागवणं कौन्सिलवर बंधनकारक असतं, मग शेरा कसाही असो. केअररचे तास कमी करायचे असले तरी आधी गरजांचा नव्याने आढावा घ्यावा लागतो, सासूबाईंशी आणि तुमच्याशी बोलावं लागतं. "रिपोर्ट वाईट आला म्हणून आता जमणार नाही" असं कोणी फोनवर म्हणालं, तर ते लेखी मागा.

बऱ्याच घरांत आणखी एक घोटाळा होतो. हा शेरा कौन्सिलला आहे, तुमच्या घरी येणाऱ्या एजन्सीला नाही. सीक्यूसी एजन्सीची तपासणी वेगळी करते आणि तिचा शेराही वेगळा असतो. तो त्यांच्या वेबसाइटवर एजन्सीच्या नावाने सापडतो. कौन्सिल कमी पडत असेल आणि तुमची केअरर उत्तम असेल, किंवा नेमकं उलटं असेल, दोन्ही शक्य आहे. तेव्हा एजन्सीचा रिपोर्टही आज-उद्या वाचून घ्या.

आता शेऱ्याबद्दल. २०१० नंतर बरीच वर्षं इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या सोशल केअरची अशी शेरेवजा तपासणी होतच नव्हती. हेल्थ अँड केअर ॲक्ट २०२२ने ती परत आणली आणि एप्रिल २०२३पासून सीक्यूसीवर ते काम आलं. सोशल केअरची जबाबदारी असलेल्या १५३ कौन्सिला आहेत, त्या सगळ्या यात येतात. कौन्सिलला नऊ मुद्द्यांवर गुण मिळतात: गरजा तपासणं, माणसं आजारी-परावलंबी होण्याआधी मदत करणं, सगळ्या समाजगटांना सारखी सेवा मिळणं, सेवांची उपलब्धता, इतर संस्थांबरोबरचं काम, हॉस्पिटलमधून घरी येताना किंवा मूल सज्ञान होताना माणूस मधल्या मध्ये न हरवणं, अत्याचार-दुर्लक्षापासून संरक्षण, कारभार, आणि शिकत राहणं. प्रत्येकाला १ ते ४. एकूण ३६ पैकी जे येतील त्याची टक्केवारी काढतात; ६३ किंवा जास्त आली तर 'गुड', ३९ ते ६२ आली तर 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट'. म्हणजे २२ गुणवाली कौन्सिल ६१ टक्क्यांवर नापसंत आणि २३ गुणवाली ६४ टक्क्यांवर चांगली. एका गुणाचा फरक! म्हणून तुम्हाला माझा आग्रह आहे की तो एक शब्द सोडा आणि ते नऊ आकडे बघा. सासूबाईंच्या दृष्टीने पहिला, तिसरा, सहावा आणि सातवा महत्त्वाचा. त्यात कुठे १ असेल तर ते पान नीट वाचा.

पैशांचा आणि शेऱ्याचा संबंधही लोक समजतात तितका सरळ नाही. २०२३मध्ये पाच कौन्सिलांची प्रायोगिक तपासणी झाली, त्यात बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम दोन्ही होत्या. त्याच वर्षी दोघींनीही 'सेक्शन ११४'ची नोटीस काढली, म्हणजे जमाखर्चाचा मेळ बसत नाही असं जाहीर केलं. बर्मिंगहॅमने सप्टेंबरमध्ये, नॉटिंगहॅमने नोव्हेंबरमध्ये. तरी सोशल केअरमध्ये बर्मिंगहॅमला 'गुड' मिळालं आणि नॉटिंगहॅमला 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट'. पैसे लागतातच, त्याबद्दल दुमत नाही. एप्रिल २०२५पासून मालकांना भरावा लागणारा नॅशनल इन्शुरन्स १३.८वरून १५ टक्के झाला आणि एजन्स्यांचं कंबरडं मोडलं. जुलै २०२५मध्ये परदेशातून नवे केअरर आणण्याचा व्हिसा बंद झाला. पण "पैसे नाहीत" हे प्रत्येक उशिराचं उत्तर असू शकत नाही, हे लक्षात ठेवा.

सीक्यूसीसुद्धा निर्दोष नाही. २०२४मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी सीक्यूसीच्याच कामाचा आढावा घेतला आणि त्यावर कडक टीका केली. तरी कौन्सिलांच्या रिपोर्टांत जे लिहून येतं ते आम्हा आत काम करणाऱ्यांना ओळखीचं वाटतं. थोड्याफार फरकाने तेच दुखणं सगळीकडे दिसतं: वाट पाहणं. असेसमेंटची, म्हणजे गरजांच्या तपासणीची वाट, बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवायला ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं सोपी व्हावीत म्हणून साधनं सुचवणाऱ्या तज्ज्ञाची) वाट, वर्षाच्या रिव्ह्यूची वाट, आणि पैशांच्या हिशेबाची वाट. हा शेवटचा उशीर मला सगळ्यात जाचक वाटतो. केअरर यायला लागते, कुटुंबाला वाटतं सगळं मार्गी लागलं, आणि तुमचा वाटा किती हे ठरवणारा फायनान्शियल असेसमेंट महिनोन् महिने रखडतो. मग एक दिवस मागचं सगळं धरून बिल येतं. ते बिल बघून घाबरून केअरर बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. काळजीची गरज तशीच असते आणि सून किंवा मुलगी नोकरी सोडते. रिपोर्टमध्ये याची नोंद दोन ओळींत असते.

सुधारणा खरंच होते का? होते. पण तिची एक खोटी आवृत्तीही असते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

आधी कागद येतातच. रिपोर्टनंतर कौन्सिल सुधारणेचा आराखडा करते, एक इम्प्रूव्हमेंट बोर्ड बसवते, बऱ्याचदा अध्यक्ष बाहेरचा. लोकल गव्हर्नमेंट असोसिएशन (कौन्सिलांची संघटना) आणि सोशल केअर डायरेक्टरांची संघटना मिळून मदतीला माणसं देतात. फारच गंभीर अपयश असेल तर सीक्यूसीला मंत्र्यांना कळवावं लागतं आणि मंत्री हस्तक्षेप करू शकतात. तुमच्या कौन्सिलच्या शेऱ्यावरून तशी वेळ आलेली दिसत नाही.

पुढची गोष्ट माझ्या ऑफिसातली. आमच्या यादीवर असेसमेंटची वाट पाहणारे खूप लोक होते. वरून हुकूम आला, यादी कमी करा. बाहेरची टीम आणली, फोनवर भराभर असेसमेंट झाले. अनेकांना "अमुक संस्थेला फोन करा" असं सांगून त्यांची केस बंद झाली. आकडा झपाट्याने उतरला, बोर्डापुढे आलेख मांडला गेला. त्यातले कितीतरी लोक नंतर पुन्हा आमच्याकडे आले, नव्या नोंदीने: पडून, हॉस्पिटलमधून, किंवा बायकोलाच ॲडमिट करावं लागलं म्हणून. एका आजोबांना भिंतीला दोन दांडे हवे होते, एवढंच. ते आमच्याकडे परत आले तेव्हा त्यांना दिवसातून चार वेळा दोन-दोन केअरर लागत होत्या. मला अजून राग येतो, कारण यात कोणाचाच फायदा झाला नाही, कौन्सिलच्या तिजोरीचासुद्धा नाही.

खरी सुधारणा झाली ती वेगळ्याच ठिकाणी, आणि दिसायला अगदी साधी होती. पहिला फोन जिथे येतो त्या टेबलावर अनुभवी सोशल वर्कर आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट बसवले. पूर्वी तिथला माणूस स्क्रीनवरचे प्रश्न वाचून दाखवायचा. आता "आई दोनदा पडली" हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न काय विचारायचा ते कळणारं माणूस तिथे आहे. छोट्या साधनांसाठी इतर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, त्यामुळे दांडा, कमोडची खुर्ची, पलंगाची उंची यासाठी थेरपिस्टची वाट बघावी लागत नाही. यादीवरच्या माणसांना ठरावीक काळाने फोन करून प्रकृती विचारायची आणि गरज वाढली असेल तर नंबर वर घ्यायचा, हेही सुरू झालं. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून तात्पुरते आलेले सोशल वर्कर सहा-सहा महिन्यांनी बदलायचे. त्यांच्याजागी कायमची माणसं घेतली. दर वेळी नव्या माणसाला आईची सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही, याचं मोल कुटुंबांना विचारा. यातलं काहीच एका तिमाहीत झालं नाही, आणि सगळं अजूनही झालेलं नाही.

आता तुमच्याकडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते इथे.

तुमच्या प्रश्नात सासूबाईंची औषधं आहेत, गुडघे आहेत, रात्रीचं उठणं आहे, कौन्सिल आहे, सीक्यूसी आहे. तुमच्याबद्दल फक्त चार शब्द आहेत: "बाकीचं सगळं मी बघते." आपली माणसं असंच लिहितात. आणि कौन्सिलच्या नोंदींतही तेवढंच उतरतं: कुटुंब सांभाळतंय, चिंता नाही. रिपोर्टात सगळ्या समाजगटांना सारखी सेवा मिळते का याचं एक पान असतं. तिथे वारंवार हेच येतं की काही समाजांतले लोक कौन्सिलपर्यंत पोचतच नाहीत आणि कौन्सिलला त्यांची धड माहितीही नसते. मराठी माणसं तर 'इंडियन' या एका रकान्यात जातात, तिथे गुजराती, पंजाबी, तमिळ सगळे एकत्र. "एशियन कुटुंबं आपलं आपण बघतात" असं मीटिंगमध्ये सहज बोललं जाताना मी ऐकलंय, आणि दर वेळी हात वर करून विचारलंय की घरात नेमकं कोण बघतं. सुधारणेचा आराखडा नोंदींवरून बनतो. ज्याने मागितलंच नाही, ते माणूस त्यात नसतं.

म्हणून आधी स्वतःसाठी केअरर्स असेसमेंट मागा, म्हणजे घरी काळजी घेणाऱ्या नातेवाइकाच्या गरजांची तपासणी; इथे केअरर म्हणजे तुम्ही. केअर ॲक्टच्या १०व्या कलमाने तो तुमचा स्वतंत्र हक्क आहे. सासूबाईंना कौन्सिलची मदत असो-नसो, तुमचा पगार किती, बँकेत किती, यावर तो अवलंबून नाही. तो तुमच्या चांगुलपणाची परीक्षाही नाही. "तुम्हाला हे करत राहणं जमेल का, करायचं आहे का" असं विचारणं त्यांना कायद्यानेच भाग आहे. तेव्हा खरं सांगा. पाहुण्यांसमोर सांगतो तसा चांगला दिवस सांगू नका, वाईट आठवडा सांगा: रात्री किती वेळा उठता, पाठ कशी आहे, शेवटचं स्वतःच्या डॉक्टरकडे कधी गेलात, नोकरीत काय सोडावं लागलं. यातून काही तासांची बदली केअरर, सासूबाईंना थोडे दिवस दुसरीकडे ठेवण्याची सोय, कधी एकरकमी पैसे असं काही मिळू शकतं. शिवाय एप्रिल २०२४पासून नोकरदारांना घरच्या माणसाच्या काळजीसाठी वर्षाला आठवडाभर बिनपगारी रजा मागायचा हक्क आहे, तोही वापरा. ही रजा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते.

सासूबाईंच्या केअर प्लॅनचा रिव्ह्यू शेवटचा कधी झाला ते बघा. वर्षात निदान एकदा व्हावा अशी सरकारची मार्गदर्शक सूचना आहे. तब्येत बदलली असेल तर मध्येही मागता येतो. ईमेलनेच मागा, म्हणजे तारीख राहते. त्या ईमेलमध्ये मराठी दुभाषा हवा असंही लिहा. हिंदी किंवा गुजराती बोलणारं कोणी पाठवून काम भागवायचा प्रयत्न होतो, आणि सासूबाईंना हिंदी समजतही असेल. पण लघवीचा त्रास, भीती, पैशांची चिंता, मुलाबद्दलची तक्रार या गोष्टी या वयाची बाई आपल्या भाषेतच बोलते, आणि तेही सून समोर नसताना. तुम्ही स्वतः दुभाषी होऊ नका. तुमच्यावर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. त्या दिवशी तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायला मोकळं असायला हवं.

पैशांबद्दल दोन ओळी, कारण इथे घरं फसतात. सासूबाईंच्या नावे २३,२५० पौंडांहून जास्त बचत असेल तर खर्च त्यांचा त्यांनाच करावा लागतो, पण असेसमेंट तरीही मोफत असतो. त्या घरीच राहून मदत घेत असतील तर घराची किंमत मोजत नाहीत. हिशेबात त्यांच्या आजारपणामुळे होणारा जादा खर्च वजा होतो: जास्तीचं हीटिंग, रोजची धुलाई, पॅड, वेगळा आहार. आपण हे सांगत नाही आणि बिल मोठं येतं. पावत्या आजपासून ठेवा. हिशेब अजून झालाच नसेल तर अंदाजे आकडा लेखी मागा. अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे काळजीची गरज असलेल्या वृद्धांचा सरकारी भत्ता, उत्पन्न न बघता मिळतो, तो चालू नसेल तर अर्ज करा. मात्र सासूबाई तुमच्या हमीवर व्हिसाने आलेल्या असतील तर त्याआधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा, कारण तो अलाउन्स 'पब्लिक फंड'मध्ये, म्हणजे अशा व्हिसावर सहसा घेता न येणाऱ्या सरकारी मदतीत, मोडतो. कौन्सिलची सोशल केअर त्या यादीत नाही, असेसमेंट मागायला घाबरू नका.

काही बिनसलं तर कौन्सिलकडे रीतसर तक्रार करा. तीन कामाच्या दिवसांत पोच मिळायला हवी. उत्तराने समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येतं, फुकट. साधारण वर्षाच्या आत जायला हवं. सीक्यूसी एकेका घराची तक्रार सोडवत नाही, पण तुमचा अनुभव त्यांना कळवता येतो आणि पुढच्या तपासणीत तो त्यांच्या हाताशी असतो. केअरर चोरी करते, ओरडते, सासूबाईंना दुखापत दिसते, असं काही असेल तर तक्रारीच्या वाटेने जाऊच नका, त्याच दिवशी कौन्सिलच्या सेफगार्डिंगला, म्हणजे अत्याचार-दुर्लक्षापासून संरक्षण बघणाऱ्या टीमला, फोन करा.

आणि सुधारणेवर नजर ठेवायची असेल तर ते अवघड नाही. कौन्सिलची एक स्क्रूटिनी कमिटी (कारभारावर देखरेख करणारी समिती) असते, तिथे हा आराखडा येतो. बैठका लोकांसाठी खुल्या असतात आणि कागदपत्रं आधी वेबसाइटवर लागतात. बहुतेक ठिकाणी नागरिकाला आधी कळवून प्रश्न विचारता येतो. जमत नसेल तर तुमच्या वॉर्डाच्या कौन्सिलरला (निवडून आलेल्या प्रतिनिधीला) ईमेल करा, त्यांनी विचारलं की अधिकारी सहसा उत्तर देतात. "सुधारणा कुठवर आली" असं मोघम विचारलंत तर मोघम उत्तर येईल. असेसमेंटसाठी आज किती लोक थांबलेत आणि सगळ्यात जास्त थांबलेलं माणूस किती दिवस थांबलंय, हे विचारा. पहिल्या फोननंतर काहीच न करता किती केसेस बंद झाल्या आणि त्यातली किती माणसं सहा महिन्यांत परत आली, हे विचारा. गेल्या वर्षात किती केअरर्स असेसमेंट झाले आणि त्यातले किती भारतीय घरांतले, हेही विचारा. तिसऱ्या प्रश्नाचा आकडा आमच्याकडे सुरुवातीला कोणाकडेच नव्हता. एका कौन्सिलरने तो सलग दोन बैठकांत मागितला, तेव्हा कुठे तो मोजायला सुरुवात झाली. तुमच्याकडे तो मोजला जाईल तेव्हा त्यात तुमचं नाव असावं, म्हणून तो असेसमेंटचा ईमेल याच आठवड्यात पाठवा.